भंडारदऱ्याला मुक्काम करून आजूबाजूला काय काय बघावं? सोबत सासू-सासरे आणि बारा वर्षांचा मुलगा

मनस्वी_ठाणे

नमस्कार मंडळी, नवरात्राच्या शेवटच्या दिवसांत भंडारदऱ्याला जायचं ठरतंय. शेंडी गावात धरणापासून जवळच एक घरगुती लॉज बुक केलाय, शुक्रवारी दुपारपर्यंत पोचू आणि सोमवारी नाश्ता करून परत. आमची स्वतःची गाडी आहे. सासऱ्यांना जुनी मंदिरं, धरणं, दगडी बांधकाम असलं बघायला प्रचंड आवडतं, सासूबाईंचा गुडघा दुखतो त्यामुळे त्यांना चढ-उतार जमत नाही पण गाडीत बसून दिवसभर फिरायला त्या एका पायावर तयार असतात, आणि मुलाने शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलंय की तो कळसूबाई चढणार आहे म्हणून ते तर करायचंच आहे. नेटवर बघितलं तर जो तो पंधरा-वीस पॉइंटची यादी देतोय, कुठलं कुठल्या दिशेला आहे आणि कशाला किती वेळ लागतो हे कोणीच नीट सांगत नाही. सांधण दरीचे व्हिडिओ बघून मुलगा तेही मागतोय, ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते जमतं का? जाणकारांनी प्लीज सांगा.

डोंगरवेडा_नाशिक

ताई, एकदम बरोबर जागी मुक्काम घेतलाय. आधी दिशा समजून घ्या म्हणजे निम्मं काम झालं. शेंडी हे मधलं ठिकाण धरा. ठाण्याहून तुम्ही घोटीमार्गे येणार, त्या रस्त्यावर शेंडीच्या अलीकडेच बारी गाव लागतं, कळसूबाई तिथून. शेंडीच्या पुढे राजूरकडे गेलात की रंधा धबधबा. आणि जलाशयाला वळसा घालणारा जो रिंग रोड आहे त्यावर बाकी सगळं, म्हणजे मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि मुतखेलवरून परत शेंडी. हे तीन भाग एकमेकांत मिसळू नका, एका दिवशी एकच भाग, मग धावपळ होत नाही.

शुक्रवारी पोचलात की चहा घेऊन रंध्याला जा. प्रवरा नदी तिथे एकदम खोल घळीत कोसळते, साधारण 170 फूट. वर घोरपडादेवीचं देऊळ आहे आणि बघायला रेलिंग लावलेली जागा आहे, तिथूनच बघा, कड्याच्या दगडांवर उतरू नका, शेवाळ असतं आणि धरणातून पाणी सुटलं की प्रवाह अचानक वाढतो. संध्याकाळी परत येऊन धरणाखालच्या बागेत जा. सासऱ्यांना धरण नक्की आवडेल, 1910 ला काम सुरू झालं आणि 1926 ला पूर्ण झालं, सगळं दगडी बांधकाम, उंची साधारण 82 मीटर, शंभर वर्षं होत आली आणि अजून खाली संगमनेर-श्रीरामपूरपर्यंतच्या शेतीला पाणी पुरवतंय. धरणातून पाणी सोडलेलं असेल तर ते खडकावर आदळून छत्रीसारखं पसरतं, त्यालाच अंब्रेला फॉल म्हणतात.

शनिवार कळसूबाई. रविवार पूर्ण रिंग रोडला द्या, कारण कळसूबाई उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या बोलायला लागतात, तेव्हा गाडीत बसून फिरायचा दिवसच बरा.

रिंग रोडवर सगळ्यात जास्त वेळ रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराला ठेवा असं माझं ठाम मत आहे. लोक दहा मिनिटांत फोटो काढून निघतात आणि मला फार वाईट वाटतं. शिलाहार राजा झंझ याने बांधलं असं मानतात. बाहेरच्या भिंतीवरची नक्षी, शिखरावर एकावर एक रचलेल्या छोट्या शिखरांच्या ओळी, आणि आत गेल्यावर मान वर करून छत बघा, दगडात एकात एक वर्तुळं कोरत नेलीत. गाभाऱ्याला दोन बाजूंनी वाट आहे, असं सहसा बघायला मिळत नाही. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. जवळच पुष्करणी आहे, तिच्या भिंतीत कोनाडे आणि कोनाड्यांत मूर्ती, ती चुकवू नका. मंदिरापर्यंत गाडी जाते, चढ नाही, सासूबाईंना काही त्रास नाही. पाठीमागे रतनगड दिसतो, माथ्यावरचं नेढं म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक ढग नसतील तर खालून पण ओळखू येतं. प्रवरेचा उगम त्याच डोंगरात.

अकोलेकर

आमच्या तालुक्यात स्वागत आहे ताई. वरच्या दादांनी प्लॅन मस्त दिलाय, कळसूबाईचं मी सांगतो.

नवरात्रात कळसूबाईवर जत्रा असते, आजूबाजूच्या गावांतले लोक घटाच्या दिवसांत देवीला वर जातात, काही जण तर नऊही दिवस रोज चढतात. वातावरण फार छान असतं पण शिड्यांवर गर्दी होते. त्यामुळे पहाटे साडेचार-पाचला बारीतून चालायला लागा, टॉर्च घ्या. वर जायला तीन तास धरा, मुलगा सोबत म्हणजे साडेतीन. वाटेत लोखंडी शिड्या आहेत, बाजूला रेलिंग आहे, त्यामुळे बारा वर्षांचा पोरगा आरामात जाईल, फक्त शिडीवर एका वेळी एकाच दिशेने लोक जाऊ द्या, उतरणाऱ्यांना आधी वाट द्या, आणि ओल्या शिडीवर पाय घसरतो म्हणून ग्रिपवाले बूट पाहिजेतच, सँडल नको. 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच ठिकाण. हवा स्वच्छ असली की एका बाजूला अलंग-मदन-कुलंग, दुसऱ्या बाजूला रतनगड आणि त्याच्यामागे हरिश्चंद्रगड, खाली सगळा जलाशय.

मुलाला चढताना गोष्ट सांगा. कळसू नावाची कोळ्याची मुलगी इंदोऱ्याला पाटलाकडे कामाला होती, तिची अट होती की केर आणि भांडी सोडून बाकी सगळं काम करीन. एकदा घरात पाहुणे आले तेव्हा पाटलाने तिला तीच कामं करायला लावली, तशी ती सोडून निघाली आणि डोंगरावर जाऊन राहिली. भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि केर टाकला तो काळदरा, आमच्याकडे ही नावं अजून चालतात. आम्ही लहानपणी हे ऐकतच वर गेलोय.

जेवायला वाटेतल्या झापांवर (झोपड्यांवर) आणि बारीत घरगुती सोय होते, नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर गरम मिळतं. भात मागा, आमच्याकडचा तांदूळ चवीला वेगळाच आहे. आणि कृपा करून प्लास्टिकच्या बाटल्या परत खाली आणा, देवीचा डोंगर आहे.

रानवाटा_८८

सांधणचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. माझ्या मते नेता येईल, पोरगं कळसूबाई चढणारं आहे म्हणजे फिट आहे. पाण्यातून जायची मजा त्याला आयुष्यभर लक्षात राहील.

डोंगरवेडा_नाशिक

@रानवाटा मी सहमत नाही आणि स्पष्टच बोलतो. सांधण ही जमिनीला पडलेली अरुंद भेग आहे, दोन्ही बाजूंना उभे कातळ, काही ठिकाणी जेमतेम दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढीच जागा. वरच्या पठारावर कुठेतरी पाऊस पडला तर ते पाणी थेट त्या भेगेत येतं आणि आतल्या माणसाला पळायला जागा नसते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला परतीचा पाऊस असतो, दुपारी ढग भरून येतात. शिवाय सुरुवातीलाच जे पाण्याचे डोह लागतात ते तेव्हा मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत असू शकतात, बारा वर्षांच्या मुलाच्या गळ्यापर्यंत. पावसाळ्यात दरी बंदच असते, ती चालू झाली का हे साम्रद गावातल्या गाइडलाच विचारायचं आणि तो नाही म्हणाला तर नाही. ताई, रविवारी साम्रदला थांबा, दरीच्या तोंडाशी जा, तिथून आत डोकावून बघा, आणि पूर्ण सांधण डिसेंबर-जानेवारीत वेगळी करा.

अकोलेकर

+१. आमच्या गावातली पोरं गाइड आहेत, ती पण त्या दिवसांत लहान मुलांना आत नेत नाहीत.

रविवारी घाटघर मात्र नक्की करा. तिथून कोकणात सरळ खाली नजर जाते, सकाळी ढग दरीत असतात तेव्हा बघायला मिळतं, म्हणून रिंग रोड घाटघरच्या बाजूने सुरू करा आणि रतनवाडी दुपारी ठेवा. मुलाला तिथला वीजप्रकल्प समजावून सांगा, 250 मेगावॅटचा आहे. वर एक धरण आणि खाली चोंढ्याच्या बाजूला दुसरं. रात्री विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवतात आणि संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज काढतात. पांजऱ्याच्या बाजूला त्या दिवसांत भात पोटरीत असतो, बांधावर बसून घरची भाकरी खा, पॉइंटबिइंट विसरून जाल.

पेट्रोल घोटीलाच फुल करा. साम्रद-घाटघरला मोबाइलची रेंज येते-जाते आणि रोख पैसे ठेवा, सगळीकडे स्कॅन चालत नाही.

मनस्वी_ठाणे

किती छान लिहिलंय सगळ्यांनी, खरंच मनापासून आभार. सांधण रद्द, मुलाला समजावलं, डिसेंबरचं प्रॉमिस दिलंय. बाबा आत्तापासूनच अमृतेश्वरचे फोटो शोधतायत. एकच प्रश्न उरला. शनिवारी आम्ही तिघं (मी, नवरा आणि मुलगा) वर असताना सासूबाईंचं काय? त्या म्हणतात नवरात्रात इतक्या जवळ येऊन देवीचं दर्शन न घेता लॉजवर बसून राहणं मला पटत नाही.

अकोलेकर

त्यांचं बरोबरच आहे. काळजी करू नका, डोंगराच्या पायथ्याला बारीतच कळसूबाईचं देऊळ आहे, ज्यांना वर जायला जमत नाही त्यांच्यासाठीच. ओटी घेऊन या, त्या दिवसांत तिथेही बायकांची गर्दी असते, गप्पांत वेळ कसा जाईल कळणार नाही. फक्त पहाटे पाचला त्यांना उठवू नका. तुम्ही तिघं पुढे जा, बाबा आणि आई लॉजवाल्याला सांगून नऊच्या सुमारास एखाद्या जीपने येतील, शेंडीत जीप मिळते, भाडं आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. तुम्ही दुपारी एकपर्यंत उतराल, तिथेच सगळे एकत्र जेवा.