सॅम ह्यूस्टन यांनी शपथ का नाकारली?

प्रश्न
नमस्कार. १६ मार्च १८६१ रोजी टेक्ससचे गव्हर्नर सॅम ह्यूस्टन यांनी कॉन्फेडरसीशी, म्हणजे अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेकडील गुलामगिरीवादी राज्यांच्या संघाशी, एकनिष्ठ राहण्याची शपथ घेण्यास नकार दिला आणि त्यामुळे त्यांचे पद गेले. ते स्वतः गुलाम बाळगत होते, तरीही दक्षिणेच्या बाजूने का उभे राहिले नाहीत, हे जाणकारांनी कृपया उलगडून सांगावे.

प्रतिसाद १
ह्यूस्टन गुलामगिरीचे विरोधक नव्हते, हे आधी मान्य करायला हवे. त्यांची श्रद्धा संघराज्यावर होती. १८१४ मध्ये पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॅक्सन यांच्या सैन्यात हॉर्सशू बेंडच्या लढाईत ते गंभीर जखमी झाले होते आणि जॅक्सन यांचे संघराज्य अखंड राखण्याचे राजकारण त्यांनी आयुष्यभर आपले मानले. सिनेटर असताना १८५४ मध्ये त्यांनी कॅन्सस-नेब्रास्का कायद्याच्या (त्या नव्या प्रदेशांत गुलामगिरी असावी की नाही हे तिथल्या रहिवाशांवर सोपवणाऱ्या कायद्याच्या) विरोधात मत दिले. त्याचा रोष टेक्ससमध्ये इतका होता की १८५७ ची गव्हर्नरपदाची निवडणूक ते हार्डिन रनेल्स यांच्याकडून हरले. पण १८५९ मध्ये त्याच रनेल्स यांना हरवून ते निवडून आले.

प्रतिसाद २
पद सोडण्याची त्यांची ही पहिली वेळ नव्हती. १८२७ मध्ये ते टेनेसीचे गव्हर्नर झाले होते. १८२९ मध्ये लग्नानंतर काही आठवड्यांतच पत्नी माहेरी निघून गेली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि ज्या चेरोकी या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांत त्यांचे किशोरवय गेले होते, त्यांच्याकडेच ते राहायला गेले. त्या लग्नाबद्दल त्यांनी जाहीरपणे कधीच खुलासा केला नाही. १८६१ मध्ये मात्र त्यांनी आपली कारणे लोकांसमोर लेखी मांडली, म्हणून या दोन घटना एका मापाने मोजू नयेत असे मला वाटते.

प्रतिसाद ३
मूळ प्रश्नाचे उत्तर मला त्या लेखी कारणांतच दिसते. २३ फेब्रुवारी १८६१ च्या सार्वमतात ४६,१५३ विरुद्ध १४,७४७ मतांनी टेक्ससने संघराज्यातून फुटून निघण्याचा निर्णय झाला होता. परंतु कॉन्फेडरसीत सामील होण्याचा अधिकार जनतेने फुटून निघण्यासाठी भरलेल्या प्रतिनिधींच्या अधिवेशनाला दिलेला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी देऊ केलेली लष्करी मदतही त्यांनी नाकारली, कारण आपले पद टिकवण्यासाठी टेक्ससमध्ये रक्त सांडावे हे त्यांना मान्य नव्हते. पुढे त्यांचा मोठा मुलगा कॉन्फेडरेट सैन्यात गेला आणि १८६२ मध्ये शायलोच्या लढाईत जखमी झाला. ह्यूस्टन २६ जुलै १८६३ रोजी हंट्सव्हिल येथे वारले, तेव्हा उत्तर-दक्षिण यादवी युद्ध चालूच होते.