मदत हवी आहे: सेकंडहँड अल्टुरस आत्ता घ्यावी का?

मंडळी, महिंद्राची २०१९ची अल्टुरस जी४ एसयूव्ही बघून आलोय, ४१ हजार किमी, सीटचं लेदर अजून करकरीत, गाडी मनात भरलीय. पण ही मुळात कोरियाच्या सँगयाँगची रेक्स्टन, २०२२ पर्यंत सामान तिकडून यायचं आणि चाकणला जोडायचे, आणि महिंद्राने एप्रिल २०२० मध्ये सँगयाँगमध्ये आणखी पैसे घालायला नाही म्हटलं, त्याच डिसेंबरात सँगयाँग सोलच्या दिवाळखोरी कोर्टात. तेव्हा पाऊण हिस्सा महिंद्राकडे असून हात वर, असो. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो इंजिनचं टेन्शन नाही, अडेल ते दिवे-बंपरशी. दोन पार्टवाल्यांना टेललँप विचारला, दोघंही म्हणाले ऑर्डर टाका, तारीख सांगत नाही. मला ७-८ वर्षं वापरायचीय, फॉर्च्युनर बजेटबाहेर आहे. जुनी रेक्स्टन चालवणारं कुणी आहे का, बॉडीपार्ट आणि गिअरबॉक्सचं सामान सध्या किती दिवसांत हातात पडतं?