मदत हवी आहे: घर न्यू जर्सीत, दुकान पेनसिल्व्हेनियात, राज्याचा कर कसा भरायचा?

नमस्कार मंडळी,

आम्ही एडिसनला राहतो. माझं देशी किराण्याचं दुकान नदीपलीकडे, बक्स काउंटीत आहे. सिंगल मेंबर एलएलसी (म्हणजे एकाच मालकाची कंपनी), नोकर एकच. नवराही पेनसिल्व्हेनियातच नोकरी करतो, पण दोन राज्यांच्या करारामुळे त्याच्या पगारावरचा राज्याचा कर फक्त न्यू जर्सीला जातो. हा करार धंद्याच्या नफ्याला लागू नाही. त्यामुळे मला तिकडे ३.०७ टक्के भरायचे आणि इकडे त्याचं क्रेडिट घ्यायचं (म्हणजे तिकडे भरलेला कर इकडच्या करातून वजा करायचा), इथपर्यंत समजलं.

घोडं पुढे अडलंय. दिवाळीच्या फराळाच्या आणि मसाल्यांच्या ऑनलाइन ऑर्डरी मी एडिसनच्या घरातून पॅक करून पाठवते. तो नफा कोणत्या राज्याचा? सगळाच पेनसिल्व्हेनियाचा दाखवला तर न्यू जर्सी त्या भागाचं क्रेडिट नाकारेल आणि एकाच कमाईवर दोनदा कर बसेल, याची मला खरंच धास्ती आहे.

असा दोन राज्यांतला धंदा कुणी करतं का? नफ्याची विभागणी विक्रीवरून करता की खर्चही वाटून घेता? तिमाही अंदाजे कर दोन्हीकडे भरता का? दोन्ही राज्यांचं काम नीट जाणणारा सीपीए (परवानाधारक अकाउंटंट) माहीत असेल तर कृपया मेसेज करा. आमच्या सीपीएला फक्त पगारदारांचंच जमतं.