वॉलेटमध्ये नाणी नसतात, हे नवख्यांना कसं पटवायचं?

प्रश्न: बिटकॉइन शिकवताना लोक 'वॉलेट' या शब्दापाशीच अडतात. फोन हरवला की पैसे गेले, असं धरून चालतात. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: पाकिटाची उपमाच सोडा. नाणी ही नोंदवहीतली नोंद, आणि त्या वहीच्या प्रती जगभर हजारो संगणकांवर. वॉलेट म्हणजे फक्त किल्ली. कोरं वॉलेट उघडून ॲप दाखवेल ते 12 शब्द (यांतूनच किल्ली पुन्हा तयार होते) कागदावर लिहायला लावा, ॲप काढून टाका, पुन्हा घेऊन तेच शब्द त्याच क्रमाने भरायला सांगा. नाणी स्वीकारण्याचा पत्ता तोच दिसला की लख्ख उजेड पडतो. क्रम चुकला तर ॲप बहुतेकदा अडवतं. क्वचित मात्र भलतंच रिकामं वॉलेट उघडतं आणि माणूस हबकतो. हे आधीच सांगून ठेवा.

उत्तर २: शब्दांचा स्क्रीनशॉट अजिबात नको, तो क्लाउडवर जाऊ शकतो. आणि एक्स्चेंजवर, म्हणजे नाणी विकत घेण्या-विकण्याच्या ॲपवर, ठेवलेल्या नाण्यांची किल्ली एक्स्चेंजकडेच असते, हा फरक त्याच बैठकीत सांगा.

उत्तर ३: कराचंही लगेच बोला. भारतात एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता होत नाही.