अँडी कॉलेजला गेला, खेळणी माळ्यावर. तुमच्याकडे काय झालं?

नमस्कार मंडळी. मुलगा या ऑगस्टमध्ये पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. जायच्या आधी खोली आवर, खोली आवर म्हणून मी महिनाभर त्याच्या मागे होते. शेवटी तो गेला आणि खोली मीच आवरली, हे वेगळं सांगायला नकोच. माळ्यावरून खेळण्यांचा खोका काढला तर टेडीच्या अंगावर काळे ठिपके, रिमोटच्या गाडीत सेल तसेच राहिलेले ते फुटून आतलं सगळं हिरवंपांढरं झालेलं, आणि सापशिडीचा पट वाळवीने अर्धा खाल्लेला, म्हणजे साप शिल्लक, शिड्या गेल्या. रत्नागिरीचा पाऊस आणि पत्र्याखालचा माळा, दुसरं काय होणार.

त्या रात्री टॉय स्टोरीचा तिसरा भाग लावला, अँडी नावाच्या पोराच्या जिवंत खेळण्यांचा तो ॲनिमेशनपट. पहिल्यांदा पाहिला तो २०१० साली, कोल्हापूरला माहेरी गेले होते तेव्हा थेटरात, मुलगा तीन वर्षांचा. खेळणी पोचतात त्या पाळणाघरातल्या कॅमेऱ्यांवर नजर ठेवणारं ते झांजवालं माकड आहे ना, त्याला तो इतका घाबरला की पुढचा निम्मा पिक्चर मी त्याला कडेवर घेऊन बाहेर पॅसेजमध्ये काढला. त्यामुळे अँडीची आई मला तेव्हा दिसलीच नव्हती. अँडी सतरा वर्षांचा झालाय, ती त्याला सांगते की एकेक वस्तूचं काय ते ठरव, बरोबर न्यायची, माळ्यावर ठेवायची की कचऱ्यात टाकायची. खेळणी माळ्यावर जायची असतात पण पिशवी कचऱ्याची काळी असते, आणि आई चुकून ती रस्त्यावर नेऊन ठेवते. (या चुकीबद्दल तिला बोल लावणाऱ्यांनी एकदा स्वतः घर आवरून बघावं.) आणि शेवटी ती त्या रिकाम्या खोलीत येते आणि तिचा श्वासच अडकतो. एवढंच, दोन सेकंद असतील. या वेळी मी तिथे पॉज केलं आणि चहा टाकायला उठले, रात्री साडेअकराला.

पण एक सांगू का, अँडीचा माळा कोरडा होता हो. आपल्याकडे माळ्यावर ठेवणं म्हणजे हप्त्याहप्त्याने टाकून देणंच आहे.

तर लिहा. तुमची खेळणी कुठे गेली, कुणी दिली, कुणी टाकली, पोरांच्या खेळण्यांचं काय केलंत. पिक्चर पाहिलेला नसला तरी चालेल.

गुहागर

पाहिलाय. रडलो नाही, आधीच सांगून ठेवतो.

आमच्या लहानपणी खेळणं जपून ठेवायचा प्रश्नच नव्हता कारण ते दोन दिवसांत चुलीत जायचं. माडाच्या झावळीचा जाड बुडखा कोयत्याने तासला की बॅट, ती हिरवी असेपर्यंत चांगली, वाळली की आजी न विचारता आंघोळीच्या पाण्याखाली सारायची. पिक्चरमध्ये ती खेळणी कचऱ्याच्या भट्टीकडे सरकत जातात, एकमेकांचे हात धरतात, आख्खं थेटर गप्प, आणि मी मनात म्हणतोय की आमच्या किती बॅटी अशा गेल्या, कुणी हात धरला नाही. पोफळीची विरी पडली की एकाने तिच्यावर बसायचं आणि दुसऱ्याने टोक धरून आगरभर फरफटत न्यायचं. चड्डीला भोक पडलं की खेळ संपला, मग घरात दुसरा खेळ सुरू व्हायचा तो वेगळा. काजूच्या बियांचे डाव तर असे की हरलेल्याच्या बिया जिंकणारा भाजून खायचा. खेळणंच खाल्लं तर माळ्यावर काय ठेवणार.

त्यामुळे खेळणी आपल्यासाठी झुरत बसलीत ही कल्पना मला जरा जास्तीच वाटते. एक भोवरा मात्र आहे, जत्रेतला, त्याची आर निघालीय. तो का ठेवलाय विचारू नका.

मालवण

चौथा भाग काढायलाच नको होता. तिसऱ्यात अँडी सगळी खेळणी बॉनी या छोट्या मुलीला देतो, अंगणात बसून एकेकाची ओळख करून देतो, तिथे संपलं होतं. २०१९ मध्ये परत कशाला? पहिल्यांदाच एखादा ॲनिमेशनपट १०० कोटी डॉलरच्या वर गेला तो हाच तिसरा, मग थांबतंय कोण.

चिपळूण

मी हा पिक्चर पुरानंतर पाहिला, त्यामुळे तुमच्यासारखा पाहूच शकले नाही.

२२ जुलै २०२१. आमचं घर तळमजल्यावर. पहाटे पाणी ओट्याला लागलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या दरवर्षी येतं, जाईल. दुपारी आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे आणि खाली आमचा फ्रिज आडवा होऊन तरंगतोय, तो भिंतीला आपटल्याचा आवाज वरपर्यंत येत होता. पाणी उतरलं तेव्हा घरात घोट्याच्या वर गाळ. वाशिष्ठीचा तो गाळ ज्यांनी उपसलाय त्यांना माहितीये, तो चिखल नसतो, लोण्यासारखा असतो आणि कपाटाच्या आतल्या कपाटातसुद्धा गेलेला असतो.

प्रत्येक घरासमोर रस्त्यावर एकेक ढीग. गाद्या, पुस्तकं, मिक्सर, लग्नाचे अल्बम, सगळं एकाच रंगाचं. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. तिची खेळणी मी तिच्या नकळत ढिगात टाकत होते, मिस्टर म्हणाले बघू दे तिला, लपवून काय होणारे, सगळंच तर गेलंय. ती दारात उभी राहून बघत होती, रडली वगैरे नाही. फक्त विचारलं की आपला ढीग कुठला आणि शेजारच्या काकूंचा कुठला, कारण डंपरवाल्याला कसं कळणार.

एक गुलाबी हत्ती मी बाजूला काढला. का तोच, माहीत नाही, हाताला लागला म्हणून. तीन वेळा डेटॉलच्या पाण्यातून काढला, लाइट नव्हती, पाऊस थांबत नव्हता, गॅसच्या शेगडीवर लांब धरून धरून वाळवला, एक कान जरा करपला.

पुढच्या वर्षी घरी पिक्चर लावला. कचऱ्याच्या डोंगराचा सीन आला आणि मुलगी एकदम म्हणाली, आई, ही आपली गल्ली. त्यात तो लॉट्सो अस्वल आहे ना, स्ट्रॉबेरीच्या वासाचा, ज्याला त्याच्याशी खेळणारी मुलगी चुकून विसरून येते आणि तो परत घरी जाऊन बघतो तर तिला दुसरं तसंच अस्वल आणून दिलेलं. सगळे त्याला व्हिलन म्हणतात. मला नाही म्हणवत. आम्हाला नातेवाइकांनी पुरानंतर खूप नवी खेळणी पाठवली, मनापासून पाठवली, आणि ती दोन महिने खोक्यातच होती.

हत्तीला अजून गाळाचा वास आहे. मुलगी म्हणते गेला. मला येतो.

रत्नागिरी

चिपळूणच्या ताई, काय लिहू कळत नाहीये. वाचलं एवढंच सांगते.

सावंतवाडी

आमचा धंदाच खेळण्यांचा, लाकडी, चितार आळीत दोन पिढ्या. त्यामुळे मी तिसऱ्यापेक्षा दुसऱ्या भागाचा माणूस, १९९९ चा. त्यात एक जुन्या खेळण्यांचा विक्रेता वुडीला, म्हणजे अँडीच्या लाडक्या काउबॉय बाहुल्याला, पळवतो कारण त्याला आख्खा सेट जपानच्या म्युझियमला विकायचाय. आणि एक म्हातारा प्रॉस्पेक्टर आहे, जन्मभर खोक्यातच राहिलेला, एकदाही कुणी खेळलेलं नाही त्याच्याशी. त्याला म्युझियमच पाहिजे, काचेच्या मागे का होईना पण कुणी फेकणार तरी नाही. सगळी पोरं त्याच्यावर चिडतात. मी दुकानात बसून तो पिक्चर बघितला आणि मागे वळून शेल्फकडे बघितलं तर दोनशे प्रॉस्पेक्टर माझ्याकडे बघत बसलेले.

कारण आमच्याकडे गिऱ्हाईक येतं ते गोव्याला जाता-येता, मोती तलावाला चक्कर मारून. लाकडी आंबा, काजू, केळी घेतं आणि पहिला प्रश्न, शोकेसमध्ये रंग टिकेल ना? भातुकलीचा सेट घेतात, पोळपाट, लाटणं, जातं, उखळ सगळं बोटाएवढं, आणि पोरगी हात लावायला गेली की आई म्हणते ठेव ते, मोडेल. अहो मोडायलाच केलंय ते. माझे आजोबा पांगाऱ्याच्या लाकडाचं करायचे, हलकं लाकूड, पोराने दुसऱ्याच्या डोक्यात मारलं तरी खोक पडायची नाही, वर लाखेचा रंग. पोर तोंडात घालणार हे धरूनच चालायचं. आता पांगारा मिळणं कठीण, मिळेल ते लाकूड लावतो, रंग डब्यातला.

तक्रार करत नाही, शोकेसवाल्यांवरच घर चालतं. पण वर्षातून एखादं मोडकं खेळणं दुरुस्तीला येतं, चाक निघालेली गाडी, मान हलणारा बैल, तेव्हा मी पैसे घेत नाही. घरातले त्यावरून बोलतात.

अलिबाग

मी मुंबईत थ्रीडीचं काम करतो, शनिवारी बोटीने घरी येतो, म्हणून थोडं धंद्यातलं सांगतो. पहिला भाग १९९५ चा, पूर्ण लांबीचा आख्खा कॉम्प्युटरवर केलेला पहिलाच सिनेमा. त्यात हिरो खेळणी का, तर तेव्हाच्या कॉम्प्युटरवर काहीही बनवलं तरी प्लास्टिकसारखंच दिसायचं. कातडी, केस, कपड्याच्या चुण्या जमतच नव्हत्या. मग प्लास्टिकचीच गोष्ट सांगा ना! पहिल्या भागातला छोटा अँडी आज बघा, तोच बाहुल्यासारखा दिसतो, वुडी जिवंत वाटतो. म्हणजे धागा काढणाऱ्या ताई म्हणतात तो आईचा श्वास अडकल्याचा सीन १९९५ मध्ये करताच आला नसता. त्या चेहऱ्याला पंधरा वर्षं लागली. आणि अँडीचा आवाज पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत जॉन मॉरिसचाच, पहिल्या भागात लहान पोरगा होता, तिसऱ्यात खरोखरचा मोठा झालेला.

दुसरी गंमत. १९९८ मध्ये दुसऱ्या भागाच्या फायली कुणाच्या तरी हातून सर्व्हरवरून उडाल्या, म्हणजे स्क्रीनवर बघताबघता पात्रं गायब व्हायला लागली, आणि बॅकअप बघायला गेले तर तोही धड नाही. वाचलं कशाने, तर गॅलिन सुसमन म्हणून बाई होत्या टीममध्ये, त्यांना बाळ झालं होतं म्हणून घरून काम करता यावं यासाठी घरच्या मशीनवर कॉपी होती. ती मशीन गाडीत मागच्या सीटवर ब्लँकेटात गुंडाळून ऑफिसला आणली. आमच्या ऑफिसात कुणी लहान मूल म्हणून घरून काम मागितलं की मी ही गोष्ट मॅनेजरला सांगतो. अजून उपयोग झालेला नाही.

डोंबिवली (मूळ गाव देवगडकडे)

रत्नागिरीच्या ताई, माळ्यावर ठेवतात म्हणून खराब होतं. आमच्या आजीने पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलं होतं.

मी सात वर्षांचा असताना बाबांनी दादरच्या फुटपाथवरून सेलवर चालणारी आगगाडी घेतली, गोल रुळांची, आणि चतुर्थीला गावी घेऊन गेलो. निघताना ती आणायची राहिली की आजीने ठेवून घेतली, आता आठवत नाही. पुढच्या वर्षी गणपतीला गेलो तर ओटीवर रूळ मांडून तयार, सेल काढून वेगळे कागदात गुंडाळलेले, गाडी फडक्यात, डांबरगोळीचा वास. वर्षाचे अकरा महिने ट्रंकेत आणि गणपतीत ओटीवर, म्हणजे चाकरमान्यांचंच वेळापत्रक. वाडीतल्या पोरांना हात लावू द्यायची नाही. "ठेव ती थंयच, बाबूची आसा ती." मला लाज वाटायची, कारण तीच पोरं मला ओढ्यावर न्यायची आणि कुर्ल्या पकडायला शिकवायची.

सोळा वर्षांचा होतो तेव्हा गेलो तर परत मांडलेली. मी म्हटलं आजी, आता मी काय लहान आहे का, सगळ्यांसमोर काय हे. ती काही बोलली नाही, गाडी उचलून आत नेली. मला वाटलं संपलं. पुढच्या वर्षी परत ओटीवर. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाली, "तू खेळ नायतर खेळू नको, मी आपली काढून ठेवतंय."

नंतर नोकरी, रजा नाही, दोन वर्षं गणपतीला गेलोच नाही. त्या दोन्ही वर्षी तिने मांडली होती का ते मी काकीला कधी विचारलं नाही.

आजी गेली तेव्हा बाराव्यानंतर ट्रंक उघडली. वर दोन इरकली, मग माझी गाडी फडक्यात. तिच्या खाली आणखी एक फडकं, त्यात लाकडी घोडा, चाकांवरचा, रंग उडालेला, एक चाक नाही. आम्हाला कुणालाच माहीत नव्हता. काकी म्हणाली हा तर... आणि बाबांकडे बघून गप्प बसली. बाबा चौदाव्या वर्षी मुंबईला आले, मामाकडे राहून शिकले, मग मिलमध्ये लागले. त्यांनी घोडा हातात घेतला, चाक बोटाने फिरवून बघितलं, फिरलं. मग मला म्हणाले, गाडी किती वाजताची आहे आपली, कणकवलीला वेळेत पोचायला पाहिजे.

घोडा आता डोंबिवलीत टीव्हीच्या शेजारी आहे. बाबा तो कुणाला पुसू देत नाहीत.

मालवण

चौथ्या भागाबद्दल भांडायला आलो होतो, राहू दे.

सावंतवाडी

डोंबिवलीकर, वडील देत असतील तर घोडा घेऊन या, चाक करून देतो. तीन चाकांचं माप लागेल म्हणून घोडाच आणा, फोटोवरून जमत नाही. रंग नवा लावणार नाही, घाबरू नका.

डोंबिवली

विचारलं त्यांना. "बघू चतुर्थीला" म्हणाले. म्हणजे आणतील.

गुहागर

सावंतवाडीकर, भोवऱ्याची आर बसवता का?

सावंतवाडी

बसवतो. जाळी घेऊन या, फिरवून बघितल्याशिवाय देत नाही.