मदत हवी आहे, कॉन्ज्युरिंग ही हॉरर सिनेमांची मालिका कुठल्या क्रमाने बघू?

काल रात्री पहिला कॉन्ज्युरिंग (2013 चा) बघितला, एकटीने, हेडफोन लावून, मूर्खपणाच केला. तो टाळ्यांच्या लपंडावाचा सीन अजून डोक्यातून जात नाहीये. आईच्याच अंगात शिरतं आणि ती पोटच्या पोरींच्या जिवावर उठते, हे भुतापेक्षा भयानक वाटलं मला. आता पुढे काय? दुसरा भाग लंडनच्या एनफिल्डचा, 1977 मधला, पण त्याआधी याच मालिकेतला अ‍ॅनाबेल बघायलाच पाहिजे का? द नन आला 2018 ला पण गोष्ट 1952 ची, मग रिलीजप्रमाणे जाऊ की गोष्टीच्या काळाप्रमाणे? आणि पुढे कुठे कुत्रा मरत असेल तर आधीच सांगा प्लीज, पहिल्या भागातल्या सेडी कुत्रीचं बघून रडलेय. बाकी स्पॉयलर नको.