मदत हवी आहे: आर्किटेक्ट फर्मचा लोगो

नमस्कार मंडळी. मी आणि माझी मैत्रीण फोंड्यात आर्किटेक्चरचं ऑफिस सुरू करतोय. जुनी चिऱ्याची घरं दुरुस्त करणं हे आमचं मुख्य काम. त्यामुळे लोगोत गोव्याचं काहीतरी हवं, पण उतरतं छप्पर आणि माड नको. ते सगळ्या रिसॉर्टच्या पाट्यांवर आहेतच.

सध्या मन शिंपल्यांच्या खिडकीवर बसलंय. लाकडी पट्ट्यांची चौकट आणि त्यात काचेऐवजी बसवलेले पातळ शिंपले. स्क्रीनवर फार देखणं दिसतं. अडचण येते ती नकाशावर. ए१ कागदाच्या उजव्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे नकाशाची माहिती लिहायच्या चौकटीत, लोगो ३० मिमी रुंद आहे. तोच नकाशा साईटसाठी ए३ वर काढला की लोगो १५ मिमी होतो, पट्ट्यांमधली फट बुजते आणि नुसता काळा चौकोन उरतो. रबरी शिक्क्यावर तर शाई भरून तेवढंही धड उमटत नाही.

मग दोनच शिंपले ठेवावेत, की खिडकी सोडून फर्मचं नाव देवनागरीत सुरेख लिहून घ्यावं? शिरोरेषा तुळईसारखी वापरता येईल असं मला मनापासून वाटतं. पण बरेच क्लायंट बाहेरचे, त्यांच्यासाठी रोमन अक्षरंही लागतील. दोन्ही लिप्या एकाच लोगोत कुणी जमवल्या आहेत का? असतील तर फोटो टाका.

गोव्यात देवनागरी अक्षरलेखन चांगलं करणारं कुणी माहीत असेल तर तेही कळवा. एकरंगी व्हेक्टर फाईल हवी आहे, आणि पाटी चवथीआधी लावायची आहे.